थोरलीचे नवे दिवे

फाटकाच्या खांबाचीच चूक होती, याबद्दल चष्मेवाल्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खांब वर्षानुवर्षं त्याच जागी उभा होता हे खरं, पण उभा आहे म्हणून तो दिसलाच पाहिजे असं थोडंच आहे? उतरती संध्याकाळ, गाडीच्या दिव्यांचा उजेड म्हणजे नावाला उजेड, आणि खांबाचा रंग असा मळकट की अंधार पडायच्या आधीच तो अंधारात जमा व्हायचा. घासलं. डाव्या मडगार्डावर वीतभर ओरखडा उमटला आणि खांबाचा एक कोपरा गळून पडला.

"खांब आडवा आला," घरात येऊन किल्ली खिळ्याला अडकवत ते म्हणाले.

"मेला आहेच तसा," बायको म्हणाली. "तरी म्हटलं होतं, मी येते बरोबर."

चष्मेवाल्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त बँकेला ठाऊक होतं. चौकातल्या चष्म्यांच्या दुकानात त्यांनी उभी हयात घालवली होती. आजूबाजूच्या निम्म्या नाकांवर त्यांनी घडवलेले चष्मे होते. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी दुकान मुलीच्या हवाली केलं. ती याच विषयाची पदवी घेऊन आली होती आणि बापापेक्षा कमी बोलत होती, त्यामुळे दुकान आणखी बरं चालायला लागलं.

गाडी मात्र त्यांनी कुणाच्या हवाली केली नव्हती. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, सायीच्या रंगाची ती गाडी त्यांच्या लग्नाच्या आधी घरात आली होती, म्हणून बायको तिला थोरली म्हणायची. "मी धाकटी," ती पाहुण्यांना सांगायची, "थोरली बाहेर उभी आहे, आधी तिची विचारपूस करा." गमतीत म्हणायची, पण अगदीच गंमत नव्हती. थोरलीला दर रविवारी आंघोळ आणि पॉलिश मिळायचं. धाकटीच्या चष्म्याची काडी मात्र कित्येक महिने दोऱ्याने बांधलेली होती, आणि तीही घरचं चष्म्यांचं दुकान असताना.

खांबाची ही पहिली आगळीक नव्हती. त्याआधी भाजीबाजाराच्या कोपऱ्यावरचा कठडा आडवा आला होता. त्याआधी एका टपालपेटीने वाट अडवली होती. चष्मेवाल्यांनी काच खाली करून तिला "अहो, जरा बाजूला होता का?" असं नीट विचारलं होतं, आणि ती जागची हलली नाही तेव्हा लोकांना आता रीतभात उरली नाही म्हणून घर येईपर्यंत चरफडत होते. बायको शेजारीच होती. ती तेव्हा एक अक्षर बोलली नाही. पण कसं कोण जाणे, त्याच सुमारास तिला गाडीत बसलं की अखंड बडबडण्याचा नाद लागला.

रविवारी मुलगी आली. तिने खांब पाहिला, मडगार्ड पाहिलं आणि मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, किल्ली दे."

"कशाला? तुला कुठे जायचंय?"

"मला नाही जायचं. तुलाही जायचं नाहीये."

"खांबाला लागलं. माणसाला नाही लागलं."

"माणसाला लागायची वाट बघू या का?"

"दोष दिव्यांचा आहे," चष्मेवाले ठासून म्हणाले. "त्या काळचे दिवे. तेव्हा रस्त्यावर गर्दी नव्हती, चाललं. आता नाही पुरत."

"दिव्यांचा दोष असेल तर फारच चांगलं. मग एकदा डोळे तपासून घे, म्हणजे खात्री होईल. खुर्ची रिकामीच असते दुपारी."

"माझे डोळे? अगं, तुला भिंग कसं धरायचं ते कुणी शिकवलं?"

"तूच."

"मग झालं तर."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मुलीच्या अगदी ओठांवर आली होती, पण बापाचा चेहरा पाहून तिने ती गिळली. शेवटी तह झाला. बाबांनी हवे ते दिवे बसवून घ्यावेत. मग एके दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळेला, दिवेलागणीला, गाडी घेऊन यावं आणि मुलीला तिच्या घरी सोडावं. वाटेत ती एकदाही घाबरली नाही, तर पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही. घाबरली, तर किल्ली तिच्या हातात आणि बाबा दुकानातल्या खुर्चीत.

"कबूल," चष्मेवाले म्हणाले, पण ते उसनं अवसान होतं.

कारण खरं सांगायचं तर चष्मेवाले घाबरलेले होते. न्हाणीघरात एकदा त्यांनी सहज एक डोळा तळहाताने झाकला, तर समोरच्या फरश्यांमधल्या रेघा पार नाहीशा झाल्या. दुसरा झाकून पाहायचं धाडस त्यांनी केलं नाही. त्यांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जुन्या काळी झालं होतं. त्यानंतर वडील जाडजूड भिंगांचा चष्मा लावून खिडकीशी बसले ते बसलेच. कुठे जायचं असेल तर कुणीतरी हात धरून न्यायचं, कुठेतरी ठेवायचं आणि परत आणायचं. चष्मेवाल्यांना ती खिडकी अजून स्वप्नात दिसायची. किल्ली खिळ्यावर आहे तोवर आपण खिडकीशी बसलेलो नाही, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

आणि हा तोच माणूस, ज्याने हजारो गिऱ्हाइकांना समजावलं होतं. यायची ती सगळी तक्रारी घेऊनच यायची. हल्ली वर्तमानपत्राची शाई पातळ झालीय, स्वयंपाकघरातला बल्ब मंद आहे, सुया बनवणाऱ्यांनी भोकं लहान केलीयत. चष्मेवाले सगळं ऐकून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "काकू, सुईचं भोक पूर्वीएवढंच आहे हो." मग एक पांढरा कागद पुढे धरून विचारायचे, हा पांढरा दिसतो की पिवळट? पिवळट म्हटलं की डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून हातात द्यायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

दिवे बदलायला ते गेले करंटकडे. करंट हा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. उंच, काटकुळा, आणि बोलताना हातातली वायर छडीसारखी हलवायची त्याला खोड होती. बायकोही बरोबर गेली. तिला करंटच्या गॅरेजमधलं ते मोडकं बसचं सीट आवडायचं, असं ती म्हणायची.

करंटने थोरलीच्या दिव्यांभोवतीच्या चकचकीत कड्या उतरवल्या, काच काढली आणि आतल्या चंदेरी वाटीत डोकावून च्यक् च्यक् केलं.

"साहेब, तुमच्या या गाडीत सगळा करंट आधी पुढच्या बटणात जातो, मग तिथून फिरून दिव्यात. एवढी पायपीट करून पोचेस्तोवर त्याच्यात जीव राहतो का? मी मध्ये रिले टाकतो. बटणाने नुसता हुकूम सोडायचा, काम रिले करणार. बॅटरीतून थेट दिव्यात."

"टाक," चष्मेवाले म्हणाले.

रिले बसले. करंटने गॅरेजचं शटर खाली ओढून अंधार केला आणि दिवे लावले. समोरच्या भिंतीवर दोन घसघशीत वर्तुळं उमटली. भिंतीवर कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेला फोन नंबरसुद्धा वाचता यायला लागला, म्हणजे बायकोला.

"बघा!" करंट म्हणाला.

"पिवळा आहे," चष्मेवाले म्हणाले.

करंटने वाद घातला नाही. काळवंडलेल्या वाट्या काढून नव्या कोऱ्या बसवल्या, बल्ब हॅलोजनचे टाकले आणि पुन्हा शटर ओढलं. आता भिंतीकडे पाहताना करंटने स्वतःच डोळे बारीक केले.

"पिवळाच आहे."

"साहेब, हा पिवळा? अहो, दूध आहे दूध!"

"दूध असेल तर नासलेलं आहे. मला पांढरा पाहिजे. पांढरा म्हणजे पांढरा, कागदासारखा."

करंटने बसच्या सीटकडे पाहिलं. बायकोने हळूच मान हलवली, म्हणजे हो म्हणा. मग आले एलईडी. हे लावले तेव्हा गॅरेजमधली पाल भिंत सोडून पळाली. चष्मेवाले पुढे गेले, मागे आले, डोकं तिरपं केलं.

"बरा आहे. पण अजून झाक आहे पिवळी."

"आता याच्यापुढे एकच माल आहे," करंट डोकं खाजवत म्हणाला. "पण तो शौकीन पोरं लावतात. तुमच्या गाडीला—"

"लाव."

त्याने लावले, आणि गॅरेजभर निळसर उजेड पसरला. करंटचा हात निळा दिसायला लागला, बायकोचे पांढरे केस निळे झाले आणि साय-रंगाच्या थोरलीचं नाकही निळंशार पडलं. चष्मेवाल्यांचा चेहरा मात्र कित्येक दिवसांनी उजळला.

"याला म्हणतात पांढरा! इतका वेळ काय मला बनवत होतास?"

करंट धंद्यात मुरलेला माणूस होता. गिऱ्हाईक ज्याला पांढरा म्हणेल तो पांढरा. "मलाही आत्ता कळलं साहेब," तो म्हणाला, आणि कड्या घट्ट बसवायला लागला.

आता इथे चष्मेवाल्यांना त्यांचा तो कागद आठवायला हरकत नव्हती. आठवला नाही. दुकानात प्रश्न विचारणारे ते असायचे आणि उत्तर देणारे दुसरे. इतक्या वर्षांची सवय, ती अशी एका दुपारी कशी सुटेल?

ठरलेल्या दिवशी सूर्य खाली गेल्यावर त्यांनी थोरली बाहेर काढली. खांबाला वळसा घालताना बायको म्हणाली, "खांबाच्या या बाजूला मी एक कुंडी ठेवणार आहे, इथे, अगदी इथे माझ्या हाताशी." चष्मेवाल्यांनी स्टिअरिंग जरा उजवीकडे घेतलं. खांब गुमान मागे गेला.

"बघितलंस? दिव्यांचा गुण."

"हो तर," बायको म्हणाली, आणि तिची टकळी सुरू झाली. "डावीकडच्या त्या सायकलवाल्याचा सदरा बघा, किती छान आहे. आणि हळू चालवतोय बिचारा. पुढचा खड्डा अजून बुजवला नाही वाटतं, उजव्या बाजूचा. आई गं, ती कुत्री बघा, रस्त्याच्या मधोमध पाय पसरून बसलीय, घरचंच अंगण जसं काही. उठली. गेली हो. मला ना, सिग्नल लाल झाला की फार बरं वाटतं, जरा थांबायला मिळतं."

चष्मेवाले थांबले.

"हिरवाही छान असतो म्हणा. आता झालाय तसा."

चष्मेवाले निघाले. "तुझ्या तोंडाला एक ब्रेक बसवून घ्यायला हवा होता करंटकडून," ते म्हणाले. पण ते खुशीत होते. गाडी लोण्यासारखी चालली होती. समोरून येणाऱ्या दिव्यांची फटफटीत पिसं पसरत होती आणि त्यांत अर्धा रस्ता बुडत होता, हे खरं. पण त्याला इलाज नाही, लोकांना डिपर द्यायची अक्कल नाही. आपले दिवे उत्तम आहेत. ते दुकानासमोर पोचले, कुठेही न घासता, कुणालाही बाजूला हो न सांगता.

मुलगी पायरीवर उभी होती. तिने कपाळावर आडवा हात धरला.

"बाबा, निळे दिवे का लावलेस?"

"निळे? पांढरेशुभ्र आहेत. आईला विचार."

बायकोने दिव्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो चाळिशीतल्या माणसासारखा ताठ बसला होता, कोपर खिडकीबाहेर काढून. "पांढरेच आहेत की," ती म्हणाली.

मुलीने आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"एक ओरखडा दाखव गाडीवर," चष्मेवाले म्हणाले. "जुना सोडून. अगं, रस्ता कसा आरशासारखा दिसतो. त्रास एकच, शेजारी हा रेडिओ लागलेला असतो, त्याने लक्ष उडतं माणसाचं. तू पुढे बस. आणि तू गं, तू मागे जा. हिचं घर येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. मग दाखवतो गाडी चालवणं कशाला म्हणतात ते."

"बघा हं," बायको म्हणाली.

"बघतोच आहे."

तिला लागलं ते. आजवर इतकं बोलली, त्याचा हा मोबदला. ती मागे जाऊन बसली, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि ओठ मिटून घेतले. काय व्हायचं ते होऊ दे एकदा, असंही तिच्या मनात येऊन गेलं असावं. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

मुलीच्या घराकडे जायला दुकानामागच्या गल्लीतून वळावं लागायचं. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना मालाची दारं. त्यांतलं एक दार फर्निचरवाल्याचं. त्या वेळी त्याचे दोन हमाल भलं मोठं आरशाचं कपाट टेंपोत चढवायला बाहेर काढत होते. टेंपोचा मागचा फाळका उघडेना, म्हणून ते कपाट तसंच गल्लीच्या मधोमध उभं धरून थांबले होते, आरसा रस्त्याकडे.

चष्मेवाल्यांनी वळण घेतलं आणि डोळे मिटले. समोर दोन झगझगीत दिवे.

"बघ!" ते ओरडले. "बघ, गल्लीत फुल लाइट मारून येतोय! आहे काही लाजलज्जा?"

मुलगी म्हणाली, "बाबा, थांब. समोर—"

"मी कशाला थांबू? त्याने थांबावं." त्यांनी दिवे खाली-वर करून दाखवले. समोरच्यानेही तितक्याच वेळा खाली-वर केले. "उलट मलाच खुणावतोय! कसला मस्तवाल माणूस आहे!" त्यांनी हॉर्न वाजवला. समोरून उत्तर नाही. "ठीक आहे. मी थोडी पुढे घेतो, म्हणजे येईल वाटेवर." आणि त्यांनी गाडी थोडी पुढे घेतली. समोरचाही तेवढाच पुढे आला.

"बाबा!"

"अहो!" मागच्या सीटवरून बायको किंचाळली. दिलेला शब्द तिने मोडला, पण तोवर मुलीने हँडब्रेक खेचला होता. थोरली आचका देऊन बंद पडली. बंपर आणि कपाट यांच्यात एक हात जेमतेम मावला असता. कपाटामागून दोन जोड पाय दिसत होते.

मग कपाटाच्या कडेने एक डोकं बाहेर आलं.

"काका," हमाल म्हणाला, "तुमचेच दिवे आहेत हो ते."

मुलगी उतरली, हमालांची माफी मागितली आणि कपाट टेंपोत चढवायला स्वतः हात लावला. चष्मेवाले स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. पण हार मानणं त्यांना नवीन होतं, आणि या वयात नवीन गोष्टी शिकणं अवघड जातं.

"आरसा कुणालाही फसवतो," मुलगी परत आली तेव्हा ते म्हणाले.

"बाबा, मी घाबरले."

"आरशाला घाबरलीस. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. चल दुकानात, आत्ताच्या आत्ता. तक्ता वाचून दाखवतो."

त्यांना एकाएकी हुरूप आला होता, आणि त्याला कारण होतं. दुकानातला तो अक्षरांचा तक्ता त्यांनी स्वतः छापून घेतला होता. वरच्या जाड अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत तो त्यांना तोंडपाठ होता. पोरांना पाढे असतात तसा. लबाडी होती ती, त्यांना कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर त्यांच्या घरचीच होती.

मुलीने शटर पुन्हा उघडलं. दुरुस्तीपेटीचा, काच पुसायच्या द्रावाचा ओळखीचा वास आला. आतल्या खोलीत चष्मेवाले आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले. इथून खोली निराळीच दिसत होती, मोठी आणि धुरकट. टोकाला तक्त्याची पेटी उजळली आणि तिचा उजेड कापसासारखा पिंजून सगळीकडे पसरला. बायको दाराशी स्टुलावर बसली.

"वरून सुरुवात कर," मुलगी म्हणाली.

"वरच्या ओळी कशाला? तो पोरखेळ. शेवटचीच वाचतो." त्यांनी घसा साफ केला. "त. र. ग. ल. प. म. व."

मुलीने तक्त्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"उलट वाचू? व. म. प. ल. ग. र. त. झालं समाधान?"

त्यांनी बायकोच्या दिशेने पाहिलं. एरवी इतक्यात तिचं काहीतरी आलं असतं, की बाई, खोली किती गार आहे, की तक्त्याची चौकट काय सुंदर आहे. ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि तक्त्याकडे पाहत होती.

"बाबा," मुलगी अगदी हळू म्हणाली, "तो तक्ता मी केव्हाच काढला. आपल्याकडे सगळ्या भाषांची माणसं येतात. या तक्त्यावर अक्षरं नाहीतच. नुसते काटे आहेत, जेवायचे असतात ना तसे. कुठल्या बाजूला वळलेत, ते सांगायचं."

चष्मेवाल्यांनी आता खरोखर तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यात वर काहीतरी काळं होतं. त्याच्याखाली ढगासारखं काही होतं. त्याच्याखाली उजेडाशिवाय काहीही नव्हतं. आणि त्यांना इतकी लाज वाटली की ऐंशी वर्षांचं एखादं गिऱ्हाईक खोटं बोलताना पकडलं जावं तसे ते खुर्चीत आक्रसून गेले.

बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि शेजारच्या ट्रेमध्ये ठेवली. गिऱ्हाइकं आपला जुना चष्मा काढून ठेवायची तो ट्रे.

मुलीने किल्ली लगेच उचलली नाही. तिने त्यांची हनुवटी धरली, एकेका डोळ्यात बारीक उजेड टाकून पाहिला. "दोन्ही पिकलेत रे. केव्हाचे. पण आता आजोबांच्या वेळचं राहिलं नाही. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. घाबरायचं काही कारण नाही."

"हे मला सांगतेस? हे वाक्य माझं आहे. हनुवटी धरायची पद्धतही माझीच आहे."

"मग ऐक ना स्वतःचं एकदा."

"ऐकतो," चष्मेवाले म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आणि किल्ली?"

"डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी परत देईन. पण आधी ते निळे दिवे काढायचे."

"पांढरे—" त्यांनी सुरुवात केली, आणि बायकोकडे पाहिलं.

"निळे आहेत हो," ती म्हणाली. "पहिल्यापासून निळेच आहेत."

मुलीने ठरवलं, आधी तीच आई-बाबांना घरी सोडेल. थोरलीच्या मागच्या सीटवर चष्मेवाले त्या दिवशी पहिल्यांदाच बसले. इतक्या वर्षांत कधी वेळच आली नव्हती. सीटची एक स्प्रिंग टोचत होती, आणि बायको दुकानापासून गल्लीपर्यंत त्याच जागी मुकाट बसली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. आता ती पुढे होती, आपल्या जागेवर. त्यांना तिच्या केसांचा अंबाडा दिसत होता, धूसर, आणि चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा दिसत नव्हता. पण तो तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. उद्या ती काडी बदलायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

गाडी थांबली, निघाली, वळली, पुन्हा थांबली. समोरून उजेडाचे भले मोठे गोळे येत होते आणि विरत होते. चष्मेवाले कान देऊन बसले होते. सायकलवाल्याच्या सदऱ्याचं कौतुक आलं नाही. खड्डा आला नाही. कुत्री आली नाही. लाल आणि हिरवा कुणाला आवडतो ते कुणी सांगितलं नाही. त्यांना गाडी काळोखातून चालल्यासारखी वाटायला लागली आणि त्यांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

"आज गप्प का गं?" शेवटी न राहवून त्यांनी विचारलं. "माझ्यावर रागावलीस?"

"नाही हो."

"मग बोल की काहीतरी."

"कशाला?" बायको म्हणाली. "तिला दिसतंय."